चकतीचा मध्य फिकट, कडा काळी : विमान कोणाचे?

प्रश्न : जुन्या छायाचित्रांच्या एका संचात मला दुहेरी पंखांच्या छोट्या विमानाचे कृष्णधवल छायाचित्र मिळाले. त्याच्या धडावरील गोल चिन्हाचा मध्य फिकट करडा, त्याभोवतीचे कडे पांढरे आणि सर्वांत बाहेरचे कडे जवळजवळ काळे दिसते. शेपटीच्या सुकाणूवर तीन उभे पट्टे आहेत आणि पाठीमागे ‘फ्रान्स, १९४०’ एवढेच लिहिले आहे. बाहेरचे कडे इतके गडद असल्याने ते निळेच असणार, म्हणून विमान ब्रिटिश आहे, असे माझा मित्र म्हणतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : मित्राने गडद म्हणजे निळा असे गृहीत धरले आहे आणि चूक तिथेच झाली आहे. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात होती. तिला निळा प्रकाश चटकन जाणवतो, लाल जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे छापलेल्या छायाचित्रात निळा रंग फिकट आणि लाल रंग काळपट उतरतो. फ्रेंच चिन्हात मध्यभागी निळा, मग पांढरा आणि बाहेर लाल असा क्रम असतो, तर ब्रिटिश चिन्हात तो नेमका उलटा. अशा फिल्मवर ब्रिटिश चिन्हाचा मध्य काळा आला असता. आपण केलेले वर्णन फ्रेंच चिन्हाशी तंतोतंत जुळते.

मात्र फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे लालसह सर्व रंगांचा प्रकाश टिपणारी असेल, तर लाल आणि निळा हे दोन्ही रंग सारख्याच करड्या छटेत उतरू शकतात आणि मग केवळ छटेवरून निवाडा करणे धोक्याचे ठरते. शेजारी माणसे उभी असतील, तर त्यांचे ओठ पाहावेत. ते अनैसर्गिक काळे दिसत असतील, तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असण्याचा संभव बराच वाढतो. कोणाच्या तरी ओठांवरून विमानाचे राष्ट्रीयत्व ठरवणे विचित्र वाटेल खरे, पण ही पडताळणी उपयोगी पडते.

यानंतर सुकाणूकडे वळावे. फ्रेंच विमानावर बिजागरीलगतचा पट्टा निळा, मधला पांढरा आणि मागच्या कडेचा लाल असे. म्हणजे आपल्या छायाचित्रात पुढचा पट्टा फिकट आणि मागचा काळा दिसायला हवा. छायाचित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापले गेले असले, तरी बिजागरीपासूनचा हा क्रम बदलत नाही. अक्षरे मात्र उलटी होतात, म्हणून ती आधी तपासावीत. केवळ पट्टे आहेत एवढ्यावरही विसंबू नये, कारण फ्रान्समध्ये तैनात असलेल्या काही ब्रिटिश हरिकेन विमानांच्या सुकाणूवर, फ्रेंचांना ती ओळखता यावीत म्हणून, असेच पट्टे रंगवलेले होते.

छोट्या विमानांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. युद्धापूर्वी यांतली बरीचशी विमाने उड्डाण क्लबांकडे किंवा खासगी मालकांकडे होती आणि १९३९ मध्ये अनेक विमाने सैन्याने ताब्यात घेतली. फ्रेंच नागरी नोंदणीचिन्ह म्हणजे ‘एफ’ हे अक्षर, आडवी रेघ आणि पुढे चार अक्षरे. फ्रेंच लेखक आणि वैमानिक सेंतेक्झ्युपेरी १९३५ मध्ये लिबियाच्या वाळवंटात ज्या कोद्रों सिमून विमानासह कोसळले, त्याचे चिन्ह ‘एफ-एएनआरवाय’ होते. अशी अक्षरे धडावर आणि मोठ्या आकारात पंखांवर असत. नव्या रंगाखाली त्यांच्या कडा अंधूक दिसतात का, हे भिंगातून पाहण्यासारखे आहे.

मागे लिहिलेले साल पडताळण्यासही चिन्हेच मदत करतील. फ्रान्सने जर्मनीशी केलेल्या २२ जून १९४० च्या युद्धविरामानंतर व्हिशी सरकारच्या, म्हणजे जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारच्या विमानांवर धडावरील चिन्हाला पांढरी किनार देण्यात आली आणि १९४१ पासून इंजिनाच्या आवरणावर व शेपटीवर लाल-पिवळे पट्टे आले. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळाही बराच गडद उतरतो, त्यामुळे हे पट्टे लालात मिसळून नजरेतून सहज निसटतात. जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या मुक्त फ्रेंच दलाच्या विमानांवर लोरेनचा दोन आडव्या दांड्यांचा क्रूस आढळतो, तर जर्मनांनी वापरलेल्या कोद्रों गोएलाँसारख्या फ्रेंच बनावटीच्या विमानांच्या धडावर सरळ दांड्यांचा जर्मन क्रूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अक्षरे असत. आपल्या वर्णनात यांपैकी काहीच नाही, तेव्हा छायाचित्र युद्धविरामापूर्वीचे असावे असे मला वाटते.

विमानाचा प्रकार कळण्यासाठी सुकाणूचा तेवढाच भाग मोठा करून पाहावा. फ्रेंच सैनिकी विमानांवर तिथे निर्मात्याचे नाव, प्रकार आणि क्रमांक बारीक अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती, आणि पांढऱ्या पट्ट्यावर आलेली अक्षरे सर्वांत आधी वाचता येतात.