दिवाळी पहाट, सहाच्या आत आणि सहानंतर

प्रश्न : आमचं महिला मंडळ अकरा वर्षं महापालिकेच्या बागेत दिवाळी पहाट करतं. पाचला सुरुवात, आठपर्यंत फराळ. बागेशेजारी एक सोसायटी आणि एक प्रसूतिगृह आहे. गेल्या वर्षी सव्वापाचला पोलिसांची गाडी आली आणि गायिका आलाप घेत असतानाच माईक बंद करायला लावला. यंदा पालिका म्हणते आधी पोलिसांची परवानगी आणा. पोलीस म्हणतात आधी पालिकेचं पत्र आणा, शिवाय शेजारच्या सोसायटीचं ‘ना हरकत’ही आणा. त्यात आता माझ्या नावाने कलम १६८ ची नोटीस आली आहे. माझ्यावर गुन्हा दाखल झालाय का? आमचे नगरसेवक म्हणतात, ‘तुम्ही कार्यक्रम घ्या, मी बघतो.’ – सचिव, एक महिला मंडळ

उत्तर :

ताई, आधी नोटिशीचं, कारण तुमची झोप तिनेच उडवलेली दिसते. गुन्हा दाखल झालेला नाही. पूर्वी जिला सगळे ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचे तीच ही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिथे हे कलम १६८ झालं. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलीस आधीच ताकीद देतात, एवढाच तिचा अर्थ. सणासुदीला अशा नोटिसा गठ्ठ्याने निघतात. पण ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. उद्या काही घडलं तर ‘यांना आधी बजावलं होतं’ म्हणून हाच कागद पुढे येतो. मंडळाच्या लेटरहेडवर चार ओळींचं उत्तर द्या : नोटीस मिळाली, कार्यक्रम परवानगीच्या अटींप्रमाणेच होईल. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. गेल्या वर्षी पोलिसांचं चुकलं नव्हतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही ‘रात्र’ आहे आणि त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. ‘पण सणाला सूट असते ना?’ असं तुम्ही विचारालच. असते. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ती देऊ शकतं, पण फक्त रात्री १० ते १२ या दोन तासांसाठी. पहाटेची सूट त्या नियमात नाहीच. त्यामुळे पहाटे पाचचा माईक तुम्हाला ना पोलीस निरीक्षक देऊ शकतो, ना जिल्हाधिकारी, ना पालकमंत्री. नगरसेवकांच्या ‘मी बघतो’चं वजन किती, ते यावरून ठरवा. गाडी येईल तेव्हा परवानगीच्या अर्जासोबतच्या हमीपत्रावर सही तुमची असेल, त्यांची नाही.

मग मंडळात कुणीतरी म्हणेल, माईक नको, नुसती पेटी-तबला घेऊन बसू. थांबा. २०१० च्या दुरुस्तीने त्या नियमात ‘वाद्य’ हा शब्दही आला आहे. अक्षरशः वाचला तर पहाटे साडेपाचला बागेतली टाळांची जोडीसुद्धा त्यात बसते. टाळांसाठी पोलीस येतील असं मला वाटत नाही, पण मंडळाकडे आधीच बोट दाखवलं जात असताना मी ती जोखीम घ्यायला सांगणार नाही. मोकळ्या गळ्याला मात्र हा नियम अडवत नाही. दोन बायकांनी पणत्यांच्या उजेडात, वाद्यांशिवाय भूपाळी म्हटली तर कुणाची ना नाही. मला विचाराल तर अकरा वर्षांत तुमच्या कार्यक्रमाची इतकी सुंदर सुरुवात झाली नसेल.

म्हणजे रचना अशी करा : पावणेसहाला दीप, बिनवाद्यांची भूपाळी, आणि सहाला माईक. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, त्यामुळे सहालाही अंधारच असतो. पहाट हातची जात नाही. पाचचाच हट्ट असेल तर बंद सभागृह घ्या. त्याला हा नियम सवलत देतो, अर्थात आवाज आतल्या श्रोत्यांपुरता हवा. पण मग बाग गेली.

आणखी एक. लोकांचा संयम बहुतेक वेळा गाण्याने सुटत नाही, साउंड चेकने सुटतो. साडेचारला साउंडवाल्याचा पोरगा ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ करत ढोलकीचा चॅनल तपासतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाची आई फोन उचलते. हे काम आदल्या संध्याकाळी दहाच्या आत उरका. सहानंतरही मोकळं रान नाहीच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. जिथे ध्वनिक्षेपक लागतो त्या जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी ते धरतात. म्हणजे तुमच्या बागेच्या कुंपणाशी ६५. साउंडवाल्याच्या वर्कऑर्डरमध्ये हा आकडा लिहा आणि त्याची सही घ्या. स्पीकरची तोंडं सोसायटीकडे नकोत. नियम मोडल्यास पर्यावरण कायद्याखाली पूर्वी कैदेची तरतूद होती. एप्रिल २०२४ पासून त्या जागी १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आला आहे. कैद गेली म्हणून हायसं वाटत असेल, तर मंडळाचं पासबुक एकदा बघा.

‘आधी तू, आधी तू’ हा खेळ जुना आहे. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने त्यात तीन आठवडे घालवले आणि शेवटी कार्यक्रम एका सभासदाच्या गच्चीवर केला. यावर उपाय असा : दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकासोबत दुसऱ्या अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच जोडा. बाग पालिकेची, म्हणून जागेचं आरक्षण आणि अनामत तिकडे. ध्वनिक्षेपक आणि कार्यक्रमाची परवानगी पोलिसांकडे. पोलिसांच्या या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. त्यामुळे ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो, आणि नाकारलं तर लेखी कारण. त्यावर अपील आहे. पण दिवाळीच्या तोंडावर अपिलाचा उपयोग शून्य. उच्च न्यायालयालाही तेव्हा सुट्टी असते, सुट्टीतल्या खंडपीठापुढे धावावं लागतं. म्हणून अर्ज दसऱ्याच्या आधीच टाका.

सोसायटीच्या ‘ना हरकत’ची सक्ती करणारी तरतूद मी तरी पाहिलेली नाही. सार्वजनिक जागेतल्या कार्यक्रमाचा निर्णय शेजाऱ्यांवर सोपवता येत नाही. आपल्याच पोलीस कायद्यावरचा (तेव्हाचा मुंबई पोलीस अधिनियम, तो गुजरातलाही लागू होता) हिंमतलाल शाह यांचा अहमदाबादचा खटला आहे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडणारा नियम चालणार नाही. तेव्हा त्या अटीबद्दल अर्जातच नम्रपणे विचारा : ‘ही अट कोणत्या तरतुदीखाली, ते लेखी कळवावे.’ मात्र सोसायटीच्या अध्यक्षांकडे फराळाचा डबा घेऊन जरूर जा, नवी वेळ सांगा. तक्रार कुणी केली ते शोधत बसू नका. सहाच्या आत माईक लावला होता, तक्रार रास्तच होती.

शेजारी ते प्रसूतिगृह आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय, पण माझ्या लेखी ते महत्त्वाचं आहे. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र होऊ शकतं, आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलपर्यंत खाली येते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं क्षेत्र जाहीर केलेलं असावं लागतं. ते जाहीर आहे का, हे अर्जाआधी पालिकेत विचारून घ्या. जाहीर नसलं तरी स्टेज बागेच्या दुसऱ्या टोकाला न्या. ‘जाहीर नाही’ हा बचाव कोर्टात टिकेल, बाळंतिणीच्या खाटेशी नाही.

बाकीचं भराभर. अर्ज आणि हमीपत्र मंडळाच्या ठरावाची प्रत जोडून मंडळाच्या नावाने द्या, तुमच्या एकटीच्या नव्हे. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं नसेल तर वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क ची परवानगी बघा. प्रायोजकाचा फलक बागेबाहेर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. खुर्च्या फाटकाबाहेर रस्त्यावर येता कामा नयेत.

आणि गाणी. अभंगाचे शब्द तुकोबांचे, ते मोकळे आहेत. चाल मात्र विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. तुमच्याच सभासद हौसेने, विनातिकीट गाणार असतील तर हौशी मंडळांना कायद्यात सूट आहे. मानधन घेणारे कलाकार येणार असतील तर सुपारी देतानाच सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना कोण काढणार ते लिहून घ्या. गेल्या वर्षीच्या त्या गायिकेलाच पुन्हा बोलावणार असाल, तर तिला वेळ सहाची सांगा. आलाप मधेच तुटायचा नाही.