परदेशात जमीन घेताय? आधी कायदा बघा

किंमत आणि परतावा नंतर बघा. आधी तो देश परक्या माणसाला मालक होऊ देतो का, ते तपासा. थायलंडमध्ये जमीन सहसा मिळतच नाही. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट मिळतो, तोही परदेशी मालकांसाठी असलेली, इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांची मर्यादा भरली नसेल तरच. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात घर हवं असेल, तर बँकेच्या ट्रस्टमार्फत जावं लागतं.

एजंट हमखास सुचवेल, ‘स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, बाकी सगळं तुमच्याच हातात.’ या फंदात अजिबात पडू नका. फिलिपिन्समध्ये अशा नामधारी मालकीसाठी खास कायदा आहे आणि त्यात तुरुंगवास आहे. शिवाय तो माणूस उद्या उलटला, तर दाद कुठे मागणार?

जमिनीऐवजी बंदरं, वीज, दूरसंचार यांत पैसे घालायचे असतील, तर तिथे कायद्याइतकंच राजकारण चालतं. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदर चालवणाऱ्या कंपनीकडे अमेरिकेतली टर्मिनल्स घेण्यासाठी तिथल्या सरकारची मंजुरी होती. तरी अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, गदारोळ झाला आणि ती टर्मिनल्स कंपनीला विकावी लागली. म्हणून परवानगी नाकारली किंवा मागे घेतली, तर इसार परत मिळेल, हे कलम करारात पहिल्याच मसुद्यात घालून घ्या. सही झाल्यावर समोरचा ऐकत नाही.