बेळगाव भागातून, मराठी माध्यमातून आलेल्याने शुद्ध गणित आणि लॉजिकमध्ये एम.एस्सी. करावी का?

बीएस्सी संपत आलीय, गणित आवडतं, त्यातही लॉजिकची, म्हणजे गणिती तर्कशास्त्राची, ओढ आहे, घरचे म्हणतात बी.एड. कर आणि नोकरीला लाग, तर एम.एस्सी. करावी का, असा तुझा प्रश्न. त्याच्या शेवटी तू एक ओळ घातलीस: 'दहावीपर्यंत मराठी शाळा, झेपेल का?' मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. लहान आहेस असं धरून 'तू' म्हणते.

झेपेल. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेतली, आणि आज पदवीच्या मुलांना गणित शिकवते. पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतल्यावर पहिले काही महिने काय हाल होतात ते तुला माहीत आहे, ते सांगत बसत नाही. त्यानंतर जे होतं त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून सांगते.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिसच्या इंटर्नलला प्रश्न आला: बंद आणि बाउंडेड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, म्हणजे एकच डेल्टा सगळ्या इंटरव्हलभर पुरतो, हे सिद्ध करा. वर्गात सरांनी ओपन कव्हर घेऊन, त्यातून फायनाइट सबकव्हर काढून प्रूफ लिहून दिलं होतं. सगळ्या वर्गाने ते स्वल्पविरामासकट पाठ केलं होतं. मला ते कळलं होतं, पण पेपर हातात आल्यावर दुसराच रस्ता सुचला आणि मी तो लिहिला.

समजा फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. मग एखादा एप्सिलॉन (किमतींतला फरक) असा असणार की डेल्टा (बिंदूंमधलं अंतर) कितीही लहान घ्या, त्या अंतराच्या आत दोन बिंदू सापडतातच, ज्यांच्यावरच्या किमतींत निदान एप्सिलॉनचा फरक आहे. डेल्टा म्हणून १/एन घेत जायचं, बिंदूंच्या जोड्या मिळत जातात. इंटरव्हल बंद आणि बाउंडेड, म्हणून जोडीतल्या पहिल्या बिंदूंचा एक सबसिक्वेन्स इंटरव्हलमधल्याच कुठल्यातरी बिंदूकडे जातो. जोडीदारही तिथेच जातात, कारण दोघांतलं अंतर शून्याकडे चाललंय. फंक्शन त्या बिंदूपाशी कंटिन्युअस आहे, तेव्हा किमतींतला फरकही शून्याकडे जायला हवा. तो तर एप्सिलॉनच्या खाली येतच नाही. झालं प्रूफ.

दहापैकी दोन गुण मिळाले. सरांना विचारायला गेले तर त्यांनी उत्तरपत्रिकेवर एकही चूक दाखवली नाही. एवढंच ऐकवलं की मराठी मीडियमची मुलं स्वतःचं लिहायला गेली की इंग्लिश घसरतं, तेव्हा नोट्समध्ये आहे तसं लिहावं आणि पास व्हावं. माझं इंग्लिश घसरलं होतं, खरं आहे, दोनतीन ठिकाणी 'द' गाळला होता. तर्कातली एकही पायरी घसरली नव्हती.

घरी सांगितलं तर काकांना मुद्दाच मिळाला. काका बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर. "मी म्हटलं न्हवतं? आपल्या पोरांचं काम न्हवं ते. बी.एड. कर, गप शाळेत लाग." हे वाक्य पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत ऐकलं. मला राग काकांचा नव्हता, ते शाळेच्या बाकावर जेमतेम बसलेले. राग यायचा तो शिकलेल्या माणसांनी तेच वाक्य इंग्रजीत म्हटल्यावर.

त्या उन्हाळ्यात एमटीटीएसला, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी शिबिराला, निवड झाली. ही शिबिरं १९९३ पासून चालतात, एस. कुमारेसन यांनी सुरू केलेली, चार आठवड्यांची. शिकवणारे उत्तर सांगत नाहीत, तुलाच बोलतं करतात. तिथे एकदा मी तेच प्रूफ फळ्यावर लिहिलं, त्याच मोडक्या इंग्रजीत. सरांनी विचारलं, 'इंटरव्हल बंद आहे हे तू नेमकं कुठे वापरलंस?' मी ती ओळ दाखवली. 'बंद नसता तर?' मी १/एक्स घेतलं, शून्य ते एक या उघड्या इंटरव्हलवर. बिंदू घेतले १/एन आणि १/२एन. अंतर शून्याकडे जातं, किमती मात्र एन आणि २एन, म्हणजे फरक एन. सिक्वेन्स शून्याकडे जातो आणि शून्य इंटरव्हलमध्ये नाही, प्रूफ तिथेच अडकतं. सर 'गुड' म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. मी कुठल्या माध्यमातली हे त्या चार आठवड्यांत कुणी विचारलं नाही. तू एमटीटीएसचा अर्ज भरच. प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. त्यासाठी नोट्स देणाऱ्याकडे जाऊ नकोस, प्रश्न विचारलेले आवडतात अशाकडे जा.

आता लॉजिक. वरच्या प्रूफमधला अवघड भाग पहिलीच ओळ आहे: 'युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही' म्हणजे नक्की काय. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा की सगळ्या जोड्यांसाठी...' हे वाक्य नाकारताना प्रत्येकाचा 'एखादा' होतो आणि एखाद्याचा 'प्रत्येक'. क्रम बदलला की वाक्यच बदलतं. काकांना मी हे त्यांच्याच कामावर समजावलं होतं: पार्टी टॉलरन्स (माप किती चुकलेलं चालेल ते) देणार, मग त्यात बसणारं सेटिंग तुम्ही शोधणार, आधी सेटिंग करून 'कुठलाही टॉलरन्स चालेल' असं कुणी म्हणत नाही. काकांना पटलं. एम.एस्सी. झालेल्या कितीतरी जणांना हे नाकारणं आजही जमत नाही, आणि माझ्या मते त्यांची एम.एस्सी. झालेलीच नाही.

पण खरं सांगते, लॉजिक हा विषय म्हणून तुला आपल्या भागात मिळणं कठीण आहे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत एम.एस्सी. गणित म्हणजे अल्जेब्रा, अ‍ॅनालिसिस, टोपोलॉजी, डिफरन्शियल इक्वेशन्स. सेट थिअरी म्हणून झॉर्नचा लेमा तेवढा भेटतो. गोडेलचं १९३१ चं इनकम्प्लीटनेसचं (अपूर्णतेचं) प्रमेय ऐकलेलं असतं, ते सिद्ध केलेलं नसतं. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात कर, धारवाडला कर नाहीतर कोल्हापूरला, पाया तिथे होईल. लॉजिक तुला स्वतः वाचावं लागेल. प्रोपोझिशनल आणि फर्स्ट-ऑर्डर लॉजिक, मग कम्प्लीटनेस, कॉम्पॅक्टनेस, त्यानंतर इनकम्प्लीटनेस, या क्रमाने. असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडियाच्या शाळा भरतात, त्यांवर लक्ष ठेव. पूर्णवेळ लॉजिकच करायचं तर अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाची दोन वर्षांची मास्टर ऑफ लॉजिक आहे, पण आधी इथला पाया पक्का कर आणि खर्चाचं बघ.

जॅम दे, म्हणजे आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. तीन तास, शंभर गुण, साठ प्रश्न. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) प्रवेश परीक्षाही दे, तिथे प्रूफ लिहावी लागतात आणि पाठांतर कामाला येत नाही. मराठी शाळेतल्या मुलांनी घाबरून फक्त पर्यायांच्या परीक्षाच द्यायच्या, हा सल्ला आपल्याच लोकांनी पसरवलाय आणि तो चुकीचा आहे.

सीमाभागातल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा, ज्या भागासाठी घेतात तिथेच चालते. कर्नाटकची के-सेट झालीस की कोल्हापूरचं दार बंद, महाराष्ट्राची सेट दिली की बेळगावचं. तेव्हा देशभर चालणारी नेटच कर. तिच्या गणिताच्या पेपरात भाग सी मध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर ओळखले तरच गुण. 'प्रत्येक' आणि 'एखादा' नीट हाताळता आले नाहीत तर तिथे निभाव लागत नाही. आणि सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्यांत तुझं गाव येतं का बघ. येत असेल तर महाराष्ट्रातल्या प्रवेशाच्या वेळी त्या गावांसाठीच्या सवलतीची चौकशी कर.

घरच्यांबद्दल. घर तुझ्या पगारावर चालणार असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव, आधी बी.एड. कर. त्यात कमीपणा नाही, एम.एस्सी. नंतर करता येते, जॅमला वयाची अट नाही. पण 'आपल्या पोरांना झेपत नाही' एवढ्याच कारणाने घरचे बी.एड. म्हणत असतील, तर ऐकू नकोस. माझ्या काकांची नात यंदा बीएस्सीला गणित घेऊन बसलीय आणि फीचे पैसे काकांनी दिलेत. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतो, शेवटच्या वर्षाला असतानाच भरता येतो. यंदाच भर.