लाकडी तुळई जड कपाटाचं वजन पेलेल का, कसं तपासायचं?

आधी आकडेमोड नको, आधी तुळईची टोकं बघा, कारण भिंतीत घुसलेल्या भागात ओल धरते आणि कुज, वाळवी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर पुढचं गणित फुकट आहे.

लाकूड ठणठणीत असेल तर समजा तुळई ७५ बाय २०० मिमी, स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) ४ मीटर, दोन तुळयांत अर्धा मीटर अंतर, आणि फरशीच्या वजनासकट लोड चौरस मीटरला २५० किलो, म्हणजे तुळईवर मीटरला १२५ किलो. बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवू पाहणारा जोर) = लोड × स्पॅनचा वर्ग ÷ ८, म्हणजे साधारण २.५ किलोन्यूटन-मीटर (१०० किलोचं वजन म्हणजे साधारण १ किलोन्यूटन). याला (रुंदी × उंचीचा वर्ग ÷ ६) ने भागलं की स्ट्रेस, म्हणजे लाकडात येणारा ताण, येतो साधारण ५ न्यूटन प्रति चौरस मिमी, तो तुमच्या लाकडाच्या परवानगीच्या स्ट्रेसपेक्षा कमी हवा. उंचीचा वर्ग आहे म्हणून तुळई उभी बसवलेलीच चांगली.

झोल, म्हणजे तुळई मधे किती खाली वाकते, तो पण बघाच, स्पॅनच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नको, इथे ११ मिमी.

कपाट मात्र एका जागी भार टाकतं, त्यामुळे ते मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो दोन-तीन तुळयांवर येईल असं ठेवा. मधे तडा किंवा खालच्या बाजूला मोठी गाठ दिसली तर प्लीज स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच चढवू नका.