काविळीत ताटात काय, काढ्यात काय?

पावसाळा सरता सरता सातारा-सांगलीकडून येणाऱ्या पत्रांत काविळीचे प्रश्न वाढतात. त्यांतली काही पत्रे इथे घेतली आहेत. उत्तरे वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. हिपॅटायटिस (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून येतात आणि बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. बी आणि सी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतात आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतात. एकीसाठी दिलेला सल्ला दुसरीला लावला की घोटाळा होतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी आहे. दोन वर्षांपासून टेनोफोव्हिरची गोळी चालू आहे. आता एसजीपीटी ३४ आला. सासरकडचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल झालाय, गोळी बंद करा आणि भुईआवळीचा रस व गुळवेलीचा काढा सुरू करा. तसे केले तर चालेल का? (विटा)

नाही, आणि यात घासाघीस नको. एसजीपीटी नॉर्मल आला तो गोळीमुळे. एसजीपीटीवरून यकृताच्या पेशी किती फुटताहेत ते कळते, विषाणू किती आहे ते कळत नाही. त्यासाठी एचबीव्ही डीएनए ही वेगळी तपासणी लागते. गोळी अचानक थांबवली की आधी हा डीएनए वाढतो. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एसजीपीटी शेकड्यांत, कधी हजारांत जातो. यकृत आधीच कडक झालेले असेल तर अशा एका झटक्यात ते पूर्ण निकामी होऊ शकते. गोळी कधी थांबवता येईल याचे नियम आहेत, पण तो निर्णय तज्ज्ञाने तपासण्या पाहून घ्यायचा, आणि थांबवल्यावरही वारंवार रक्त तपासत राहावे लागते.

भुईआवळीचे नाव उगाच झालेले नाही. १९८८ साली मद्रासमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भुईआवळीची पूड घेतलेल्या निम्म्याहून अधिक बी-वाहकांच्या (बी-विषाणू अंगात बाळगणाऱ्यांच्या) रक्तातून विषाणूचा पृष्ठभागीय घटक गेल्याचे दिसले. जगभर खळबळ उडाली. पुढे इतर ठिकाणी तोच प्रयोग झाला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, आणि नंतरच्या आढाव्यांतही ठोस पुरावा सापडला नाही. बाजारातल्या पुडीत भुईआवळीच्या कोणत्या जातीचे झाड आहे, किती आहे आणि सोबत आणखी काय आहे, हेही कळायला मार्ग नसतो.

गुळवेलीबद्दल आम्ही जास्त कडक आहोत. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे झाले, त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. यातल्या अनेकांत शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याचे चित्र होते. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला होता, सारखी दिसणारी दुसरी वेल मिसळली गेली असावी असेही म्हटले गेले. पण नमुना तपासल्यावर खरी गुळवेलच निघाल्याचेही दाखले आहेत. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात. बी-विषाणूच्या रुग्णात यकृताची नासधूस मुख्यतः प्रतिकारशक्तीच करत असते. तिलाच आणखी डिवचायचे कशाला?

आरोग्यवर्धिनीबद्दलही अनेक जण विचारतात. तिच्यात कुटकीबरोबर शुद्ध पारद, गंधक, लोहभस्म आणि ताम्रभस्म असते. टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या किडनीवर आधीच लक्ष ठेवावे लागते, म्हणून क्रिएटिनिन तपासतात. त्यात पाऱ्याची भर नको. वैद्यांकडे जात असाल तर जरूर जा, पण गोळीचा कागद घेऊन जा. आणि डॉक्टरांकडे जाताना काढ्याची पुडी, बाटली, डबी पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. एसजीपीटी का वाढला याचे उत्तर अनेकदा त्या पिशवीतच असते.

प्रश्न : मुलाला (वय १४) कावीळ झाली, तपासणीत हिपॅटायटिस ए निघाला. घरी तेल, तूप आणि हळद पूर्ण बंद केली आहे. रोज दोन ग्लास उसाचा रस देतो. गावात नाकात कडू दोडक्याचे थेंब सोडणारे एक जण आहेत, तिकडे न्यावे का? (कोरेगाव)

थेंबांचे आधी सांगतो, कारण त्यात खरी इजा होते. कडू दोडक्याच्या रसाने नाकाची आतली त्वचा भाजते आणि तासन्‌तास पिवळे पाणी गळत राहते. ते पाहून घरच्यांना वाटते, कावीळ उतरतेय. ते सुजलेल्या नाकातून पाझरणारे पाणी असते. काविळीचा पिवळा रंग बिलिरुबिनचा, आणि ते शौच-लघवीतून जाते, नाकातून नाही. यकृत आजारी असताना रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे नाकातून रक्तस्राव सुरू झाला तर थांबवणे अवघड जाते. दंडावर डाग देणे, कान फुंकणे यांचीही गत तीच. ए-प्रकारची कावीळ बहुतेक मुलांत तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात शेवटी जे केले त्याला श्रेय मिळते.

हळद बंद करायचे कारण नाही. फोडणीतल्या चिमूटभर हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. तेल-तूपही पूर्ण तोडू नका. मळमळ असेपर्यंत तळलेले नकोसे वाटते, तेवढ्यापुरते टाळा. नुसत्या उकडलेल्या भाज्या आणि पेज यांवर वाढत्या वयाच्या मुलाला तीन आठवडे ठेवले तर कावीळ जाते आणि पोर खंगते. काविळीत मळमळ बहुधा दुपारनंतर वाढते, म्हणून सकाळचे जेवण भरभक्कम ठेवा: मऊ भात-वरण, वर चमचाभर तूप, उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही. मग दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे: केळे, इडली, राजगिऱ्याची खीर, मुगाची खिचडी.

उसाच्या रसाने तोंडाला चव येते आणि साखर मिळते, एवढाच त्याचा उपयोग. तो औषध नाही. रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा, चरकाला कुठले पाणी लागले, माश्या किती, हे पाहा. ए आणि ई नेमक्या याच वाटेने येतात. रस द्यायचाच तर घरचा, धुतलेल्या उसाचा, बिनबर्फाचा.

ताप-अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. पॅरासिटॅमॉलचाही डोस डॉक्टरांनी वजनावरून ठरवायचा.

कावीळ दिसू लागल्यापासून निदान आठवडाभर शाळेत पाठवू नका. घरातल्या सगळ्यांनी शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. पिण्याच्या पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते आणखी एक मिनिट आचेवर ठेवा. त्याच भांड्यात झाकून निवू द्या आणि ओघराळ्याने काढा. हात बुडवलात तर उकळण्याची मेहनत वाया.

मुलगा दिवसा झोपून रात्री जागू लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा. तिथे पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला सांगा. बिलिरुबिन किती यापेक्षा हा आकडा अशा वेळी जास्त बोलतो. घरात गरोदर बाई असेल आणि तिला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका. हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरू शकतो.

प्रश्न : वडिलांना हिपॅटायटिस सी मुळे सिरोसिस झाला आहे, पोटात पाणी होते. वजन ६० किलो. कोणी सांगते डाळी बंद करा, कोणी म्हणते फक्त ज्वारीची भाकरी द्या. ते संकष्टी आणि एकादशीही धरतात. (मिरज तालुका)

डाळी बंद करण्याचा सल्ला जुना झाला. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक झालेले असताना, स्नायू झिजतात, आणि ज्याचे स्नायू झिजले त्याची तब्येत लवकर ढासळते. रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे तुमच्या वडिलांना ७२ ते ९० ग्रॅम. दिवसभरात पाच भाकरी (सुमारे २५ ग्रॅम), दोन वाट्या घट्ट वरण (१४), एक वाटी मटकीची उसळ (७), दोन अंडी (१२), दोन कप दूध (१३) आणि मूठभर शेंगदाणे (७) एवढे धरले तर ७८ होतात. अंडी चालत नसतील तर ६० ते ७० ग्रॅम पनीर धरा. मेंदूवर परिणाम होऊन गुंगी येऊ लागली तरी प्रथिने तोडायची नाहीत, डॉक्टरांना कळवायचे. शौच तुंबल्याने गुंगी वाढते, म्हणून दिवसातून दोनदा मऊ शौच होते ना याकडे लक्ष ठेवा.

उपवास बंद. इथे आम्ही सवलत देत नाही. सिरोसिसच्या यकृतात साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे रात्रभराच्या उपवासात शरीर स्नायू मोडून खाऊ लागते. निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवल्यावर जे होते, ते यांना एका रात्रीत होते. म्हणून झोपताना एक दशमी आणि कपभर दूध, किंवा केळे आणि राजगिऱ्याचा लाडू द्यायचाच. सकाळी उठल्यावर लवकर खायला द्या. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, त्याने पोट भरते एवढेच.

पोटात पाणी असेल तर दिवसभराचे मीठ एक सपाट चहाचा चमचा, सुमारे ५ ग्रॅम, भाकरीपासून आमटीपर्यंत सगळे धरून. लोणचे, पापड, खारवलेली मिरची, फरसाण यांनी हा हिशेब एका जेवणात संपतो. सैंधवही मीठच आहे. बाजारातले कमी सोडियमचे मीठ तर धोक्याचे: त्यात पोटॅशियम असते, आणि पाणी उतरवायच्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीने पोटॅशियम आधीच वाढलेले असते. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, किडनी अडचणीत येते.

सी-विषाणूवर उपचार झालेत का, हे पत्रात नाही. सोफोसबुव्हिरसोबतच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत विषाणू कायमचा जातो. साध्या रुग्णाला १२ आठवडे लागतात, सिरोसिसमध्ये औषध आणि मुदत डॉक्टर ठरवतात. २८ जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच.

प्रश्न : हळदीच्या कॅप्सूल आणि सिलिमारिन यकृतासाठी घ्यावे का? (सांगली)

सांगलीच्या बाजारातली हळद आमटीत घाला, कॅप्सूल नको. चमचाभर हळदीत करक्युमिन १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, एका कॅप्सूलमध्ये ५०० किंवा जास्त, शिवाय ते रक्तात अनेक पटींनी शिरावे म्हणून मिऱ्याचे पिपेरिन घातलेले. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या आणि अश्वगंधेच्या गोळ्यांबाबतही तशा नोंदी आहेत. सिलिमारिन (मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क) सहसा बाधत नाही. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना नेहमीपेक्षा मोठा डोस २४ आठवडे देऊनही एसजीपीटीत फरक पडला नाही. ते पैसे अंडी-दुधावर घाला. बिनसाखरेची कॉफी दिवसाला दोन-तीन कप पचत असेल तर घ्या, ती पिणाऱ्यांत यकृत कडक होण्याचे प्रमाण कमी आढळले आहे.

प्रश्न : मी बी-वाहक आहे. घरचे शेंगदाणे आणि लाकडी घाण्याचे तेल चालेल? (तासगाव)

दाणे चांगले असतील तर बिनधास्त. ओल राहिलेल्या शेंगांवर बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. बी-विषाणू आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. भाजल्याने किंवा कूट केल्याने हे विष पुरते जात नाही. शेंगा हलवल्यावर आत दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा, पोती जमिनीला टेकवून ठेवू नका. चटणी करण्यापूर्वी दाणे ताटात पसरा: सुरकुतलेले, काळपट-हिरवट, डागाळलेले, भुंग्याने फोडलेले काढून टाका. एखादा कडू लागला तर थुंका आणि ती मूठ पुन्हा निवडा. खराब दाणे जनावरांना घालू नका, विष दुधात उतरते. घाण्यावर हेच निवडलेले दाणे न्या, कारण घाण्याच्या तेलात विषाचा काही अंश राहतो.

ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. वस्तरा, दात घासायचा ब्रश आणि नखे काढायचे यंत्र मात्र वेगळे. घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी ही बी-विषाणूची रक्त तपासणी करा. ज्यांना विषाणू नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात लस द्या.