विमानात उडताना विचित्र वास किंवा धूर आला तर क्रू काय करतात? ऑक्सिजन मास्क का सोडत नाहीत?

मास्कचं आधी सांगून टाकते, कारण केबिनमध्ये वास सुटला की पहिली आरोळी "मास्क सोडा" अशीच असते. वरून लोंबणारे ते पिवळे मास्क केबिनमधला दाब गेला तर वापरायचे. त्यांत ऑक्सिजनबरोबर केबिनची हवाही मिसळते, म्हणजे धूर असेल तर तोही नाकात जाणार. शिवाय कुठे काही धुमसत असेल तर तिथे ऑक्सिजन सोडणं म्हणजे आगीला आवतण. वैमानिकांचे मास्क वेगळे असतात, घट्ट बसणारे, शंभर टक्के ऑक्सिजन देणारे. कारण शोधत न बसता ते आधी मास्क चढवतात.

आता क्रू काय करतात ते. त्यासाठी मला माझ्या एका रात्रीच्या फ्लाइटवर यावं लागेल. खरं तर तेवढ्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलेय.

विमान चढत होतं. आम्ही दोघी मागच्या जंपसीटवर (क्रूची घडीची खुर्ची), पट्टे अजून बांधलेले. शेजारची ज्युनिअर म्हणाली, "मॅम, तुम्हालाही येतोय का?" मला आला होताच. ओल्या मोज्यांसारखा कुबट, तेलकट, घशाला चिकटणारा. मागे वास आला की पहिला संशय ओव्हनवर, पण ओव्हन अजून चालूच केले नव्हते. उठता येण्यासारखं झाल्यावर दोन्ही लॅव्हेटरींच्या दारांना हाताची मागची बाजू लावून बघितली, कचऱ्याचे डबे उघडले, कुणाची पॉवर बँक तापलीय का म्हणून वरचे सामानाचे कप्पे चाचपले. काही नाही. शेवटी हवा येते त्या फटीला नाक लावलं. वास तिथूनच येत होता.

मग इंटरफोन. "काहीतरी वास येतोय" असं सांगून कॅप्टनच्या हाती काही लागत नाही. कुठे, कधीपासून, कसा, वाढतोय की कमी होतोय, धूर दिसतो का, कुणाला त्रास आहे का, हे एका दमात सांगायचं. थोड्या वेळाने मी पुन्हा फोन केला तेव्हा पलीकडून आधी श्वासाचा घुमा आवाज आला, मग शब्द. मास्क लागले होते. त्यांनी एका बाजूच्या इंजिनाकडून येणारी हवा बंद केली, वास विरत गेला, आणि आम्ही परत फिरून उतरलो. मधल्या वेळात मागच्या रांगांतल्या लोकांना पुढच्या रिकाम्या सीट्सवर हलवलं, ओले टॉवेल वाटले (ते धुराचे कण अडवतात, वायू नाही, पण माणसाच्या हाताला काम मिळतं). ज्युनिअरचे हात थरथरत होते, एकच रांग ती परत परत मोजत होती. तिला सिलिंडरचा ऑक्सिजन दिला.

खरी मारामारी पुढे झाली. इंजिनिअरने जमिनीवर इंजिन चालवून बघितलं आणि लिहिलं, वास आढळला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं रक्त घेतलं, रिपोर्ट नॉर्मल. सेफ्टी ऑफिसातल्या साहेबांनी दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले: "मग वास होता कशावरून?"

अहो, बहुतेक जेट विमानांत केबिनची ताजी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातूनच घेतात. बोइंग 787 हा ठळक अपवाद, तिथे त्यासाठी विजेवरचे वेगळे कॉम्प्रेसर आहेत. इंजिनातलं तेल अडवणारं सील गळलं की तापलेल्या तेलाची वाफ त्या हवेबरोबर आत येते, आणि ती बऱ्याचदा इंजिनाची ताकद कमी-जास्त होताना येते. जमिनीवर उभ्या विमानात ती तशीच येईलच असं नाही. ज्याचं कौतुक सगळे करतात तो हेपा फिल्टर केबिनमध्ये फिरवलेल्या हवेतले कण अडवतो, वाफ नाही. रक्ताचं म्हणाल तर रक्तात शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साध्या हवेत श्वास घेत राहिलं तरी चार-पाच तासांत निम्मा होतो, ऑक्सिजन दिला तर त्याहून फार लवकर. दुसऱ्या दुपारी काय सापडणार होतं?

साहेबांनी क्रॅनफिल्ड विद्यापीठाचा 2011 चा अभ्यासही तोंडावर फेकला. शंभर उड्डाणांतली हवा मोजली, मर्यादेबाहेर काही मिळालं नाही. बरोबर आहे. पण त्या शंभरांत रीतसर रिपोर्ट करावा लागेल असा वासाचा एकही प्रसंग घडला नव्हता, हे त्याच अभ्यासात लिहिलंय. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं.

"एसीचा असेल" हे वाक्य तर मला ऐकवतच नाही. 1998 मध्ये स्विसएअर 111 च्या कॉकपिटात वास आला तेव्हा पहिला अंदाज एसीचाच होता. आग छताच्या आत होती. पहिल्या वासापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंत वीस-एकवीस मिनिटं, 229 माणसं.

आता घाबरू नका. बहुतेक वास किरकोळ असतात: ओव्हनमधलं सांडलेलं तूप-तेल, पुढच्या विमानाचा धूर, पंखांवरचा बर्फ काढायला फवारलेलं द्रव. तेलाच्या वाफेने कायमचं दुखणं लागतं का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, आणि मी डॉक्टर नाही.

तुम्ही क्रूमध्ये जाणार असाल तर एवढं करा. वासाला नाक काही मिनिटांत सरावतं, म्हणून "कमी झाला" असं स्वतःच ठरवू नका, विमानाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणाला तरी बोलावून विचारा. नोंद टेक लॉगमध्ये (विमानातल्या बिघाडांची वही) गेली का ते विमानातून उतरण्याआधी कॅप्टनना विचारा. केबिन लॉगमधली नोंद इंजिनिअरपर्यंत पोचेलच असं नाही. रक्त उतरल्या उतरल्या द्या, वेळ लिहून घ्या, ऑक्सिजन घेतला असेल तर तेही लिहा, आणि सगळ्याची प्रत घरी ठेवा. प्रवासी असाल तर बेल दाबून रांगेचा नंबर सांगा. सीटखालून येतोय की वरून, तेही सांगितलंत तर आमचं शोधाशोध करणं वाचेल.