स्टॅम्प घ्या, आणि जावयाला तसं सांगाही

न्यू जर्सीत लेकीकडे राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. इथे असताना त्या दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन नांदूर मधमेश्वरला जायच्या. जावई अमेरिकन, बदकांची शिकार करणारा. जेवताना तो म्हणाला, "तुमच्या दुर्बिणीनं एक एकर पाणथळ जमीन तरी वाचवली का? माझ्या डक स्टॅम्पनं वाचवली." (डक स्टॅम्प म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी घ्यावं लागणारं सरकारी तिकीट.) ताई विचारतात, हे खरं का? आणि मी स्टॅम्प घेतला, तर मारण्याला माझाही हातभार लागेल का?

ताई,

त्याचं बोलणं लागणारं होतं, पण मुद्दा खरा आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली, त्यामुळे शिकाऱ्याच्या पैशातून पाणथळ वाचते हे आपल्या मनाला पटकन पटत नाही. अमेरिकेत मात्र 1934 पासून तसंच चाललं आहे. सोळा वर्षांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्याला केंद्र सरकारचा डक स्टॅम्प घ्यावाच लागतो. किंमत 25 डॉलर. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागचे 98 सेंट पाणथळ जमीन विकत किंवा भाड्यानं घेण्यात, नाहीतर शेतकऱ्याशी कायमचा करार करण्यात जातात. करारात जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण पाण्याचा निचरा करून ती नांगरता येत नाही. उत्तरेकडच्या डाकोटा राज्यांतल्या गवताळ मैदानांतली कितीतरी तळी अशी टिकली आहेत. नांदूरला तुम्ही पाहिलेल्या तलवार बदकाचे अमेरिकेतले भाईबंद तिथेही अंडी घालतात, आणि बदकांबरोबर पाणलावे, सुरय, तुतवारही तिथे तगून राहतात.

बंदुका आणि काडतुसांवर 1937 पासून वन्यजीवांसाठी कर आहे, दुर्बिणीवर नाही. म्हणून पक्षीनिरीक्षकानं स्वतःहून पैसे दिल्याशिवाय त्याचा वाटा पडत नाही. शिकाऱ्यांची संख्या 1970 च्या दशकापेक्षा घटली आहे. ती पोकळी तुमच्यासारख्यांनीच भरायची आहे.

हातभाराचं म्हणाल, तर किती पक्षी मारायचे ते स्टॅम्पच्या विक्रीवर ठरत नाही. दरवर्षीच्या गणतीवरून हंगाम आणि रोजची मर्यादा ठरते. तुमच्या स्टॅम्पनं ती एकानंही वाढत नाही. पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या पैशातून घेतलेल्या काही अभयारण्यांचा ठरावीक भाग हंगामात शिकारीसाठी खुला असतो. ते मनाला अजिबात सोसणार नसेल, तर स्टॅम्पऐवजी जमीन राखणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेला पैसे द्या. मला विचाराल तर स्टॅम्प घ्यावा, कारण इतका थेट जमिनीत जाणारा पैसा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

घेताना जुलैमध्ये घ्या. स्टॅम्प 1 जुलै ते 30 जूनपर्यंतच चालतो. मेमध्ये घेतलात तर पैसे जमिनीलाच जातील, पण तुमच्या हाती दोनच महिने उरतील. पोस्टात किंवा अभयारण्याच्या कार्यालयात केंद्राचा म्हणून मागा. काही राज्यांचे वेगळे स्टॅम्प असतात, तिथे गफलत होते. फोनवरच्या ई-स्टॅम्पऐवजी कागदी घ्या. तो दाखवला की प्रवेशशुल्क असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात आणखी पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत मात्र चालत नाही.

आता जावई. "तुझं म्हणणं पटलं, मीही घेतला," एवढंच सांगा. 'तुला कायद्यानं घ्यावा लागतो, मी आपखुशीनं घेतला' हे मनातच ठेवा. पुढच्या मेमध्ये त्याला न्यू जर्सीतल्याच एडविन फोर्साइथ अभयारण्याच्या ब्रिगँटीन विभागात न्या. आठ मैलांचा गाडीरस्ता आहे. बाहेर भरती असताना जा, तेव्हा खाडीकाठचे पक्षी आतल्या तळ्यांवर येतात. जुलै-ऑगस्ट टाळा, हिरव्या डोळ्यांच्या माश्या फार चावतात. उडतं बदक लांबून ओळखण्यात तो बहुधा तुमच्यापुढे असेल, पण तुतवारांतला फरक त्याला तुम्हीच दाखवाल.